पत म्हणजे परक्याची ठेव

व्यापार आणि सचोटी हे दोन शब्द एका वाक्यात आले, की आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्या चेहऱ्यावर एक बारीकसे हसू उमटते. हे हसू फार जुने आहे. मनुस्मृतीत उपजीविकेच्या साधनांची नावे सांगताना व्यापाराला ‘सत्यानृत’ अशी संज्ञा दिलेली आहे. ज्यात खऱ्याखोट्याची मिसळ झालेली असते असा धंदा. नोकरीला त्याच ठिकाणी याहूनही हलके, कुत्र्याच्या जिण्याचे नाव दिले आहे, हे मात्र आपण नोकरदार मंडळी सोयीस्करपणे विसरलो आणि व्यापाराविषयीचा शेरा तेवढा लक्षात ठेवला.

या समजुतीचे दोन परिणाम झाले. ज्या घरांत सचोटीची चाड होती अशा पुष्कळ घरांनी आपल्या मुलांना व्यापारापासून दूर ठेवले, हा पहिला. दुसरा परिणाम याहून वाईट. व्यापारात लबाडी असायचीच असे एकदा मनाशी धरले, की लबाडी उघडकीस आली तरी राग येत नाही. आणि एखादा उद्योगपती सचोटीचा दिसला, की त्याला एकदम देवमाणूस ठरवून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला जातो. सरसकट संशय आणि आंधळा विश्वास ही दोन्ही एकाच अज्ञानाची अपत्ये होत, असे आमचे मत आहे. व्यापारातील विश्वास कशाने उत्पन्न होतो, कशावर टिकतो आणि कशाने नासतो, याचा विचार चार खऱ्या उदाहरणांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

हुंडीचा धडा

आपल्या भाषेत या विश्वासाला ‘पत’ असा सुटसुटीत शब्द आहे. या शब्दाची खुबी अशी, की पत ही पतवाल्याच्या तिजोरीत कधीच नसते. ती दुसऱ्याच्या मनात असते. माझी पत म्हणजे माझ्याविषयी इतरांनी बाळगलेला भरवसा. मी तो फक्त वापरतो. म्हणून पत ही मालकीची वस्तू नसून परक्याची आपल्याकडे असलेली ठेव आहे. हा एवढा भेद ज्या व्यापाऱ्याच्या ध्यानात राहिला तो सहसा बुडत नाही, निदान इतरांना घेऊन बुडत नाही.

जुन्या काळी हुंडीचा व्यवहार या पतीवर चाले. पुण्याच्या पेढीवर पैसे भरावेत, तेथून कागदाचा एक तुकडा घ्यावा आणि काशीच्या पेढीवर तो दाखवून पैसे उचलावेत. वाटेत चोराची भीती नाही, नाण्यांचे ओझे नाही. ही गोष्ट सांगताना आपण अभिमानाने म्हणतो, की त्या काळी नुसत्या शब्दावर लाखांचे व्यवहार होत. यात अर्धेच सत्य आहे. त्या हुंडीचा मायना पाहावा. रकमेचा आकडा लिहून ते लोक थांबत नसत. या रकमेची निमी इतकी आणि त्या निमीची दुप्पट इतकी, अशा रीतीने तीच रक्कम पुन्हा अक्षरांत गुंफून लिहीत, म्हणजे कोणास मागाहून एक शून्य वाढविता येऊ नये. दर्शनी हुंडी दाखविताच पटावयाची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी पटावयाची. शाहाजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याला ओळख आहे अशा प्रतिष्ठित असामीच्या हातीच द्यावयाचे. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती ‘परपेठ’.

ज्या काळाला आपण शब्दाचा काळ म्हणतो तो काळ असा खबरदारीचाही काळ होता. परस्परांवर विश्वास असलेले लोकच ही खबरदारी घेत होते, आणि तीत कोणास अपमान वाटत नव्हता. घरी नेलेली साखर पुन्हा तोलून पाहिली म्हणून चांगला वाणी रुसत नाही. तो तराजूच असा मांडतो, की काटा गिऱ्हाइकाला दिसावा.

येथे भाषेची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘शाहाजोग’ म्हणजे खात्रीचा, प्रतिष्ठिताच्या हाती जाण्याजोगा. पण आज आपण ‘शहाजोगपणा’ हा शब्द वापरतो तो साळसूदपणाचे सोंग घेणाऱ्यासाठी. खात्रीचा शब्द सोंगाचा शब्द झाला. ओळख पटविण्याची रीत निघून गेली आणि प्रतिष्ठेचा आव तेवढा उरला, म्हणजे शब्दांचे जे होते तेच संस्थांचेही होते. त्याचे उदाहरण फार लांबचे नाही.

सत्यमची गोष्ट

हैदराबादेत १९८७ साली ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही संगणकसेवा पुरविणारी कंपनी स्थापन झाली. वीस वर्षांत ती देशातील या धंद्यातल्या पहिल्या चारपाच कंपन्यांत गणली जाऊ लागली. उत्तम कारभाराबद्दलचा एक मानाचा पुरस्कारही तिला २००८ साली मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की कंपनीचे हिशेब कित्येक वर्षे खोटे आहेत. ३० सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दाखविले होते; त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा कामकाजातील नफा ६४९ कोटी दाखविला होता. खरा होता ६१ कोटी. त्या एका दिवसात कंपनीच्या भागांची किंमत तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळली.

ही लबाडी कशी वाढत गेली ते समजून घेतले पाहिजे, कारण लहानमोठ्या सर्व अफरातफरींची रीत हीच असते. प्रारंभी खरा नफा आणि दाखविलेला नफा यांत थोडेच अंतर होते. पण एकदा नफा फुगविला, की पुढील वर्षी त्या फुगलेल्या आकड्याच्याही पुढे जावे लागते. त्यासाठी न केलेल्या कामाची बिले तयार करावी लागतात. न केलेल्या कामाचे पैसे येणार कोठून? मग बँकेत नसलेल्या ठेवींच्या पावत्या तयार कराव्या लागतात. अशा रीतीने एका खोट्याच्या पोटी दुसरे जन्मास येते. डिसेंबर २००८ मध्ये राजूंच्या कुटुंबाशी संबंधित ‘मायटास’ नावाच्या दोन कंपन्या सत्यमने विकत घ्याव्यात असा घाट घातला गेला; खोट्या शिल्लकीच्या जागी खऱ्या मालमत्तेची भर पडावी, हा त्यातील हेतू. ‘मायटास’ हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे वाचले तर ‘सत्यम’ होते! संचालक मंडळाने त्याला मान्यताही दिली होती. भागधारकांनी गिल्ला केला म्हणून तो बेत एका रात्रीत मागे घ्यावा लागला, आणि तीन आठवड्यांत सारा डोलारा खाली आला. आपली स्थिती वाघावर बसलेल्या माणसासारखी झाली होती, उतरावे तरी कसे हे कळत नव्हते, अशा आशयाची उपमा राजूंनी त्या पत्रात दिली आहे.

यातून काय शिकावयाचे? राजू हे लोभी होते एवढेच म्हणून भागत नाही. या कंपनीत संचालक होते, त्यांत नामवंत विद्वान होते. हिशेबतपासनीस होते, ते जगप्रसिद्ध पेढीचे होते. तराजू होता, पण काटा कोणी पाहत नव्हते. ज्या बँकांत ठेवी असल्याचे दाखविले त्या बँकांना परस्पर विचारणा करून खात्री करून घेणे, हे हिशेबतपासणीतील अगदी प्राथमिक काम. तेच नीट झाले नाही. एवढ्या मोठ्या माणसाला असे कसे विचारावे, या भिडेनेही अशा ठिकाणी आपले काम केलेले असते. जेथे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे मानले जाते, तेथे विश्वासाचा फायदा फक्त खोटे बोलणाऱ्याला मिळतो.

पुढे सरकारने जुने संचालक मंडळ दूर करून नवे नेमले. एप्रिल २००९ मध्ये ‘टेक महिंद्र’ने ती कंपनी घेतली आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजूंसह दहा जणांना दोषी ठरविले. अपिलात त्यांच्या शिक्षेला स्थगिती मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तोच हिशेबतपासनीस वर्षानुवर्षे ठेवण्यास मनाई केली. उपाय योग्यच होता. पण कायदा तपासनीस बदलू शकतो. तपासनीसाने प्रश्न विचारावा आणि मालकाने त्याचे उत्तर द्यावे, ही सवय तो लावू शकत नाही. ती सवय वरच्या माणसापासून खाली झिरपते. नेतृत्वाचा प्रश्न येथे येतो.

तोटा कोणाच्या पानात?

संस्थेचा प्रमुख कसा आहे, हे भरभराटीच्या दिवसांत कळत नाही. लाभ वाटताना सगळेच उदार असतात. तोटा आला म्हणजे तो प्रथम कोणाच्या पानात वाढला जातो, हे पाहावे.

‘टाटा आयर्न अँड स्टील’ ही कंपनी १९०७ साली स्थापन झाली तेव्हा स्वदेशीचे वारे वाहत होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तिचे भांडवल उभे केले. पोलादाचा कारखाना पूर्वी कोणी पाहिला नव्हता. लोकांनी पैसे दिले ते भरवशावर. १९१२ साली तेथे पोलाद निघू लागले. त्याच वर्षी त्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. त्या वेळी पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ कारखान्यांतही तो नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर मात्र दिवस फिरले. कारखान्याचा विस्तार चालू होता आणि त्यावरचा खर्च अंदाजाबाहेर वाढला होता. परदेशी पोलाद स्वस्त दराने येऊ लागले. जपान हे कच्च्या लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक, तेथे १९२३ साली प्रचंड भूकंप झाला. १९२४ साली जमशेदपूरहून मुंबईस तार आली, की पगार वाटण्यास पैसे नाहीत. तेव्हा सर दोराबजी टाटा यांनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची खाजगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाई यांच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कंपनीसाठी कर्ज उभे केले. त्याच वर्षी सरकारने पोलादाच्या धंद्याला संरक्षण देणारा कायदा केला, त्याचाही हात लागला, हे सांगितले पाहिजे. पण कायद्याची मदत येईपर्यंत पेढी उभी राहिली ती प्रमुखाने स्वतःचे ताट पुढे केले म्हणून.

या गोष्टीची आरती ओवाळून येथेच थांबणे सोपे आहे. तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या जमशेदपुरात आठ तासांचा दिवस आला तेथेच १९२०, १९२२ आणि १९२८ साली कामगारांचे मोठे संप झाले. मालकाने आपण होऊन दिलेले सारे चांगले असले, तरी घेणाऱ्याला मागण्याचा हक्क हवाच असतो.

आणि आम्हां महाराष्ट्रीयांना तर याच काळातील आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी त्याच घराण्याच्या वीज कंपनीने मुळशी येथे धरण बांधावयास घेतले. मावळातील शेतकऱ्यांची भातशेती, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस दिला. ज्यांची त्या जमिनींवर सावकारी होती अशा पुण्याच्या पांढरपेशांपैकी अनेकांना भरपाई मिळाली म्हणजे पुरे होते. ज्यांची चूल तेथे पेटत होती त्यांना ती पुरेशी नव्हती. धरण झाले, वीज मुंबईला गेली. मुंबईच्या भागधारकाचा विश्वास, जमशेदपूरच्या कामगाराचा पगार यांची काळजी ज्या घराण्याला होती, त्या घराण्याच्या हिशेबात मावळातला कुणबी भरपाईच्या रकमेपुरताच आला. यात केवळ टाटांना दोष देऊन आपल्याला हात झटकता येणार नाहीत. सावकार आपलेच होते.

म्हणून आम्ही असे म्हणतो, की थोर पुरुषाची थोरवीदेखील जेथवर त्याची नजर जाते तेथवरच पुरते. ज्यांना त्याच्या बैठकीत जागा नाही, त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. गांधीजींनी धनिकांना संपत्तीचे विश्वस्त व्हा असे सांगितले. ते सांगणे उदात्त खरेच. परंतु विश्वस्ताला हिशेब विचारणारा कोणी असावा लागतो. नाहीतर विश्वस्त आणि मालक यांत नावापुरताच फरक उरतो.

ऐंशी रुपयांचा उद्योग

हा हिशेब विचारण्याचा हक्क उद्योगाच्या रचनेतच घालता येईल काय? त्याचे एक उत्तर मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सापडते. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांनी पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार करून भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. तीच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था झाली. या भगिनींना उसने पैसे व सल्ला देणारे छगनलाल पारेख हे भारत सेवक समाजाचे सदस्य होते. नामदार गोखल्यांनी हा समाज १९०५ साली पुण्यात स्थापन केला, हे वाचकांस ठाऊक आहेच.

प्रारंभी या बायका दोन प्रतींचे पापड करीत; चांगला महाग, हलका स्वस्त. छगनबापांनी त्यांना सांगितले, की प्रत एकच ठेवा, ती कधी उतरू देऊ नका आणि हिशेब चोख लिहा. देणगी घ्यावयाची नाही, हे त्यांनी आरंभीच ठरविले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले; पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. आज या संस्थेत सुमारे पंचेचाळीस हजार भगिनी आहेत. संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पण आकड्यांपेक्षा रीत पाहावी. येथे लाटणारी बाई मजूर नाही, सभासद व मालकीण आहे. नफा तसा तोटाही सर्वांचा. सकाळी केंद्रावरून पीठ न्यावे, घरी लाटावे, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यावेत आणि लाटणावळ घ्यावी. आणलेला पापड तपासला जातो. ज्या घरात तो लाटला जातो ते घर स्वच्छ आहे की नाही हेही पाहिले जाते. या तपासणीत कमीपणा नाही, कारण तपासणारीही त्यांच्यातलीच असते आणि तिने कधीकाळी पोळपाटलाटणे हाती घेतलेले असते. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा, एका बहिणीनेही हरकत घेतली तर तिचे ऐकून घ्यावयाचे, अशी रीत आहे. काम कष्टाचे आहे, कमाई वजनावर आहे, या संस्थेत काही उणे नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु येथील पत एखाद्या शेठच्या चेहऱ्यावर अवलंबून नाही. सात संस्थापिका काळाच्या ओघात दूर झाल्या तरी पापडाची प्रत टिकली, ती या रचनेमुळे.

आपण काय विचारावे?

आता या साऱ्याचा सारांश काढू. कोणत्याही पेढीवर, कंपनीवर किंवा तिच्या प्रमुखावर विश्वास ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. तराजूचा काटा कोणाकडे तोंड करून आहे? तोटा आला तर तो प्रथम कोण सोसणार? ‘नाही’ म्हणणाऱ्याचे तेथे काय होते? आणि जो बैठकीत हजर नाही, पण ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्याचे म्हणणे कोण मांडतो? या प्रश्नांची उत्तरे ज्या पुढाऱ्याला रागावल्यावाचून देता येतात तो विश्वासास पात्र. त्याच्या टेबलामागे कोणती सुभाषिते टांगली आहेत, हे पाहण्याचे कारण नाही.

हे प्रश्न फक्त मोठ्या कंपन्यांना विचारावयाचे आहेत असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदारांना स्वतःच्या पैशांतून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेची बहुतेक कर्जे एकाच उद्योगसमूहाकडे गुंतली होती आणि ती खोट्या खात्यांच्या आड दडविली होती. आयुष्याची पुंजी तेथे ठेवलेली म्हातारी माणसे बँकेच्या बंद दारापुढे उभी होती. ही लबाडी सामान्य सभासदाला शोधून काढता आली असती असे आम्ही म्हणत नाही. पण आपापल्या पतसंस्थेची, सहकारी बँकेची, सोसायटीची वार्षिक सभा वाचकांनी आठवून पाहावी. अहवाल कोणी वाचलेला नसतो. विषय पुकारला जातो, मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, एखाद्याने उभे राहून खुलासा मागितला तर शेजारचा त्याचा सदरा ओढून म्हणतो, ‘बसा हो, उशीर होतोय.’ मग चहा-चिवडा होऊन मंडळी घरोघर जातात. विश्वास असा नासतो. आणि त्याची सुरुवात फसविणाऱ्याने करण्याआधी आपण करून ठेवलेली असते.

पत ही परक्याची ठेव आहे असे आरंभी म्हटले. ठेव सांभाळणे हे घेणाराचे कर्तव्य, तसे ती अधूनमधून मोजून पाहणे हे ठेवणाराचे. पुढच्या वार्षिक सभेला अहवाल वाचून जावे आणि एक तरी प्रश्न विचारावा. खरा सचोटीचा अध्यक्ष असेल तर त्याला आनंदच होईल. आणि तो रागावला, तर ठेव कोठे ठेवू नये हे वेळीच कळेल.